अमेरिकेतला विमा : प्रीमियम ठरवणारे दोन अहवाल

अमेरिकेत मोटारीचा किंवा घराचा विमा उतरवला की कंपनीकडून कागदांचा एक गठ्ठा येतो. त्यात पुष्कळदा एक पानभर पत्र असतं. भाषा रुक्ष, अक्षर बारीक. तुमच्याबद्दल मिळालेल्या अहवालातील माहितीमुळे आम्ही तुम्हाला आमचा सर्वांत कमी दर देऊ शकलो नाही, अशा अर्थाचं एक वाक्य. त्याखाली हा अहवाल पुरवणाऱ्या संस्थेचं नाव, पत्ता, फोन. अनेक राज्यांत त्याखाली कारणंही छापलेली असतात : खात्यांचं सरासरी वय कमी, अलीकडे उघडलेली खाती जास्त, कार्डावरची बाकी मर्यादेच्या मानाने जास्त. बहुतेक घरांत हे पत्र जाहिरातींच्या कागदांबरोबर केराच्या टोपलीत जातं.

ते फेकू नका. त्याला 'ॲडव्हर्स ॲक्शन नोटीस' म्हणतात आणि ते पाठवणं १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार कंपनीला बंधनकारक आहे. ज्या अहवालामुळे तुमचा दर चढला, तो अहवाल पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत मागितलात तर फुकट मिळतो. कंपनीने तुमच्याबद्दल काहीतरी वाचलं, त्यावरून किंमत लावली आणि तुम्ही मात्र ते कधी पाहिलेलंच नाही, अशी एरवीची स्थिती असते. हे पत्र म्हणजे ते पाहण्याचा परवानाच.

नव्याने आलेल्या मराठी मंडळींना क्रेडिट स्कोअर घरकर्जाला आणि मोटारकर्जाला लागतो, हे पहिल्या महिन्यातच कळतं. ऑफिसातलं कुणीतरी सांगतंच. पण तोच धागा विम्याच्या प्रीमियमपर्यंत जातो, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि आपण पूर्वी केलेले क्लेम एका सामाईक नोंदवहीत जमा होतात, कंपनी बदलली तरी ते आपल्या मागे येतात, हे तर त्याहून कमी लोकांना.

आधी क्रेडिटचं पाहू. फेअर आयझॅक या कंपनीने, म्हणजे आपण ज्याला फायको स्कोअर म्हणतो त्याच्या कर्त्यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विमा कंपन्यांसाठी वेगळा स्कोअर तयार केला. आता लेक्सिसनेक्सिससारख्या इतर संस्थांचेही असे स्कोअर आहेत. बँकेचा स्कोअर 'हा माणूस कर्ज फेडेल का' याचा अंदाज बांधतो. विम्याचा स्कोअर 'या माणसाकडून किती नुकसानभरपाई द्यावी लागेल' याचा. माल एकच, म्हणजे तुमचा क्रेडिट अहवाल, पण तोलायचं माप वेगळं. फायकोच्या विमा स्कोअरमध्ये बिलं वेळेवर भरण्याला सुमारे ४० टक्के वजन आहे, बाकी असलेल्या उधारीला ३०, खाती किती जुनी याला १५, नवी खाती उघडण्याच्या धडपडीला १० आणि खात्यांच्या प्रकारांना ५. पगार, जात, धर्म, वंश यांना त्यात जागा नाही. नोकरी काय करता आणि राहता कुठे, हे मात्र पुष्कळ राज्यांत कंपनी वेगळं विचारते आणि त्यावरूनही दर ठरवते.

या वजनांकडे नीट पाहिलं तर आपल्या लोकांच्या दोन सवयी त्यात अडकतात. पहिली, पॉइंट्ससाठी आणि साइन-अप बोनससाठी वर्षात चार-पाच कार्डं काढण्याची. बोनस मिळतो, पण खात्यांचं सरासरी वय खाली येतं आणि नव्या अर्जांची रांग दिसते. ज्या वर्षी घर घ्यायचंय किंवा विम्याचं रिन्युअल तोंडावर आहे, त्या वर्षी हा नाद सोडावा. दुसरी सवय खरं तर चांगली आहे : सगळं बिल शेवटच्या तारखेला पूर्ण भरणं. व्याज लागत नाही, पण क्रेडिट अहवाल तयार करणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे ब्युरोंकडे, साधारणपणे स्टेटमेंट निघालं त्या दिवशीची बाकी कळवली जाते. पाच हजार डॉलरच्या मर्यादेवर त्या दिवशी साडेचार हजार दिसले, तर पुढच्या आठवड्यात तुम्ही ते पूर्ण फेडता हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून भारताची तिकिटं काढली त्या महिन्यात स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच मोठी रक्कम भरून टाका. आणि पहिलं कार्ड, कितीही लहान मर्यादेचं आणि बिनकामाचं वाटलं तरी, बंद करू नका. तुमच्या इतिहासाची सुरुवात त्याच कार्डापासून मोजली जाते.

विमा कंपन्यांकडे दर विचारत फिरल्याने स्कोअर खाली जातो, अशी एक भीती सगळीकडे ऐकू येते. ती निराधार आहे. विम्यासाठी केलेली चौकशी कर्जाच्या अर्जासारखी धरली जात नाही. बेलाशक पाच ठिकाणी विचारा. दर कंपनी या स्कोअरला वेगवेगळं महत्त्व देते, त्यामुळे त्याच माणसाला, त्याच गाडीला दोन कंपन्यांत बराच फरक पडू शकतो.

कार्डाची बाकी आणि गाडी चालवण्याचं कौशल्य यांचा संबंध काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये मोटार विम्याबाबत यावर अहवाल दिला. हे स्कोअर क्लेमच्या जोखमीचा अंदाज बांधण्यात उपयोगी ठरतात, असं त्यात आढळलं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक कमी स्कोअरच्या गटांत लोकसंख्येच्या मानाने जास्त आहेत, हेही आढळलं. पण हा संबंध नेमका कशामुळे, याचं ठाम उत्तर त्या अहवालातही नाही. माझं मत विचाराल तर मोटार चालवायला कायद्याने विमा जवळपास सगळीकडे सक्तीचा असताना, आजारपणात कर्जबाजारी झालेल्या माणसाकडून त्याच्या ड्रायव्हिंगसाठी जास्त पैसे घेणं अन्यायाचं आहे. पण नियम बदलेपर्यंत त्याच नियमांत राहायचंय, तर ते पुरते समजून घेतलेले बरे.

नियम राज्यागणिक बदलतात, आणि गाव बदलताना इथेच लोक चकतात. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. त्यानुसार मोटार विम्याचा दर मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : तुमचा गाडी चालवण्याचा रेकॉर्ड, वर्षाला किती मैल चालवता आणि किती वर्षांचा अनुभव आहे. क्रेडिटला तिथे जागा नाही. मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांतही मोटार विम्यासाठी क्रेडिट चालत नाही. मेरीलँडमध्ये घराच्या विम्यासाठी बंदी आहे, मोटारीसाठी मर्यादित मुभा. टेक्सास, न्यू जर्सी, इलिनॉय इथे, म्हणजे जिथे आपली वस्ती दाट आहे तिथे, क्रेडिट वापरलं जातं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून टेक्सासमधल्या डॅलसला नोकरी बदलून जाणाऱ्याने नुसतं घरभाडं किती स्वस्त, एवढाच हिशेब करू नये. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी आपला क्रेडिट अहवाल काढून वाचावा.

आता पहिल्यांदाच येणाऱ्यांविषयी. तुमच्या नावावर अमेरिकेत काहीच नसतं. स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. बऱ्याच राज्यांचे कायदे सांगतात की इतिहास नाही म्हणून ग्राहकाला वाईट स्कोअरवाल्यासारखं वागवू नये. पण त्यातही पळवाटा आहेत, कंपनीने तसं नियामकाकडे मांडून मान्यता घेतली असेल तर वेगळा दर लागू शकतो. शिवाय अमेरिकेतला चालवण्याचा अनुभव शून्य आणि आधीचा विमाही शून्य, यांची भर पडते. पहिल्या वर्षीचा प्रीमियम पाहून घाबरू नका. सहा महिन्यांनी, वर्षाने तो पुन्हा तपासून घ्या.

इथेच भारतातल्या नो क्लेम बोनसचा प्रश्न येतो. आपल्याकडे ही पद्धत सरळ आहे : स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. क्लेम केला की बोनस गेला. कुठल्याही कंपनीत जा, पायऱ्या त्याच. अमेरिकेत अशा ठरलेल्या पायऱ्या नाहीत. क्लेम न केल्याची सूट असते, पण ती किती आणि क्लेमनंतर दर किती चढेल, हे प्रत्येक कंपनी आपापल्या कोष्टकावरून ठरवते. तरी निघण्यापूर्वी भारतातल्या कंपनीकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, किती वर्षं विमा होता आणि किती क्लेम झाले याचं पत्र घेऊन या. सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, काही विचारात घेतात. मागून मिळवायचं म्हटलं तर वेळांचा घोळ आणि ईमेलचे हेलपाटे ठरलेले. तेच पत्र भारतात परत जाताना उपयोगी पडू शकतं, म्हणून मूळ प्रत जपून ठेवा.

दुसरा अहवाल क्लेमचा. त्याला सगळे 'क्लू' म्हणतात. लेक्सिसनेक्सिस ही संस्था तो ठेवते, आणि मोटार व घर या दोन्हींचे सात वर्षांपर्यंतचे क्लेम त्यात असतात. व्हेरिस्क या संस्थेकडेही अशीच नोंदवही आहे, तिचं नाव 'ए-प्लस'. तुम्ही नव्या कंपनीत अर्ज केलात की ती कंपनी हे अहवाल उघडते. अर्जात विचारलेल्या 'गेल्या पाच वर्षांत क्लेम केलेत का' याचं उत्तर तिला तुमच्याआधी माहीत असतं. तेव्हा आठवत नाही म्हणून 'नाही' लिहू नका.

अहवाल हातात आला की एकेक ओळ वाचा. नुकसानीची तारीख, क्लेम नंबर, पॉलिसी कुठल्या कंपनीची, नुकसानीचा प्रकार आणि दिलेली रक्कम. रकमेच्या जागी शून्य असलेली ओळ दिसली तर थांबा. ती तुम्ही केलेल्या आणि कंपनीने नाकारलेल्या, किंवा डिडक्टिबलपेक्षा, म्हणजे नुकसानीचा जो भाग आपण स्वतः भरायचा असतो त्यापेक्षा, कमी निघालेल्या क्लेमची असते. एक डॉलरही मिळालेला नसतो, पण नोंद राहते. बेसमेंटमध्ये पाणी आलं, घाबरून कंपनीच्या क्लेमच्या नंबरला फोन लावला, त्यांनी माणूस पाठवला, दुरुस्ती आठशे डॉलरची निघाली आणि डिडक्टिबल हजाराचा : अशा घटनेची ओळ सात वर्षं तिथे बसू शकते. नुसती माहिती विचारली तर ती क्लेम म्हणून कळवू नये असा संकेत आहे आणि काही राज्यांत कायदाही आहे. पण विचारणं कुठे संपलं आणि क्लेम कुठे सुरू झाला, ही रेघ फोनवर फार पुसट असते. म्हणून आधी प्लंबरला बोलवा, खर्चाचा अंदाज लेखी घ्या, पॉलिसीतलं डिडक्टिबलचं पान वाचा. मग ठरवा. प्रश्न विचारायचाच असेल तर एजंटला विचारा आणि सुरुवातीलाच सांगा की मी क्लेम करत नाही, मला फक्त पॉलिसी समजून घ्यायची आहे. काही कंपन्या रस्त्यावर मिळालेल्या टोइंगच्या मदतीचीही नोंद पाठवतात. टोइंगसाठी वेगळं सभासदत्व असेल तर ते वापरणं बरं.

लहान क्लेमचा हिशेब कागदावर मांडून पाहा. हे आकडे उदाहरणादाखल. पार्किंगमध्ये खांबाला गाडी घासली, दुरुस्ती १,४०० डॉलर, डिडक्टिबल १,०००. कंपनीकडून मिळणार ४००. वर्षाचा प्रीमियम १,८०० आहे आणि क्लेममुळे तो २० टक्क्यांनी चढला, तर वर्षाला ३६० जास्त. हा भार पुष्कळदा तीन वर्षं राहतो. म्हणजे १,०८० डॉलर. चारशेसाठी हजार गेले. अशा वेळी स्वतःच्या खिशातून भरा. पण हा सल्ला फक्त तुमच्याच गाडीच्या, तुमच्याच नुकसानीपुरता. दुसऱ्याची गाडी असेल, कुणाला थोडंही लागलं असेल, तर कंपनीला लगेच कळवा. 'आपापसांत मिटवू' म्हणून दोनशे डॉलर हातावर ठेवले आणि तीन महिन्यांनी समोरच्याच्या वकिलाचं पत्र आलं, तर उशिरा कळवल्याचं कारण देऊन कंपनी हात वर करू शकते.

घर विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सोन्याच्या मोलाची. क्लूमध्ये माणसाप्रमाणेच घराचाही इतिहास असतो. तुम्ही जे घर घेताय तिथे आधीच्या मालकाने पाणी गळण्याचे दोन क्लेम केले असतील, तर त्याचा भुर्दंड तुमच्या प्रीमियमवर पडू शकतो, आणि मुख्य म्हणजे भिंतीमागे काय आहे याचीही ती खूण असते. हा अहवाल खरेदीदाराला थेट मागवता येत नाही, मालकाला येतो. करार करण्याआधी रिअल्टरमार्फत विक्रेत्याकडे तो मागा. विक्रेता का-कू करू लागला तर त्याचाही अर्थ लावा.

दोन्ही अहवाल मागवायला खर्च नाही. क्लू आणि ए-प्लस दर बारा महिन्यांतून एकदा फुकट मिळतात. तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट अहवाल ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या अधिकृत संकेतस्थळावर आता दर आठवड्याला फुकट पाहता येतात. चूक आढळली तर लेखी तक्रार करा, सोबत पुरावे जोडा. तक्रार मिळाल्यावर साधारण ३० दिवसांत चौकशी पूर्ण करणं संस्थेवर बंधनकारक आहे. दुरुस्ती झाल्यावर विमा कंपनीला कळवून दर पुन्हा काढायला लावा, ते आपोआप होईलच असं धरून चालू नका.

आपल्या नावांमुळे होणाऱ्या चुका वेगळ्याच. लायसन्सवर मधलं नाव वडिलांचं, बँकेत नुसतं आद्याक्षर, घराच्या करारावर मधलं नाव गायब, आणि लग्नानंतर बदललेलं नाव पासपोर्टवर एक, क्रेडिट कार्डावर दुसरं. त्यात एकाच गावात दोन अमित पाटील असले की एकाची थकबाकी किंवा एकाचा अपघात दुसऱ्याच्या फायलीत जाऊन बसण्याची शक्यता वाढते. पहिल्याच दिवशी नावाचं एक रूप ठरवा, बहुधा पासपोर्टवरचं, आणि सगळीकडे तेच लिहा. अहवालात आपला जुना पत्ता म्हणून कधी न राहिलेलं ठिकाण दिसलं तर ती दुसऱ्याची माहिती मिसळल्याची पहिली खूण समजा.

भारतात दोन-तीन महिने जायचं ठरलं की गाडीचा विमा बंद करून पैसे वाचवण्याचा मोह होतो. करू नका. परत आल्यावर नवा विमा घेताना मधला खंड दिसतो आणि दर चढतो. गाडी कर्जावर असेल तर बँकही विमा बंद करू देत नाही. त्याऐवजी कंपनीला विचारा, गाडी गॅरेजमध्ये उभी राहणार आहे, तेवढ्या काळापुरतं संरक्षण कमी करता येईल का. राज्याप्रमाणे उत्तर बदलेल, पण पॉलिसी चालू राहील. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आणि बाबा अधूनमधून गाडी चालवणार असतील, तर तेही आधी कळवा. त्यांच्या हातून अपघात झाला तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर येतो. बाबा विमानात बसून निघून गेले तरी नोंद तुमच्या नावावर राहते.

अंगावर संकट कोसळून क्रेडिट बिघडलं असेल, तर ते कंपनीला लेखी कळवा. अनेक राज्यांच्या कायद्यांत अशा प्रसंगांसाठी सवलतीची तरतूद आहे : गंभीर आजार, जोडीदाराचा, मुलाचा किंवा आई-वडिलांचा मृत्यू, घटस्फोट, तीन महिने किंवा जास्त काळ गेलेली नोकरी, ओळखचोरी. मागितल्याशिवाय कुणी ती देत नाही. लेऑफमध्ये नोकरी गेलेल्यांनी तर हे नक्कीच करावं, कारण त्या महिन्यांत कार्डावर बाकी चढणं साहजिक असतं. क्रेडिट सुधारल्यावर रिन्युअलच्या वेळी स्कोअर नव्याने काढून घेण्याची मागणीही पुष्कळ राज्यांत वर्षातून एकदा करता येते. कंपनी टाळाटाळ करू लागली तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करा. तिला फी लागत नाही.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पॉलिसी, कार्ड, कर्ज सगळं नवऱ्याच्या नावावर असतं. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेल्या बाईला काम करण्याची परवानगी नसेल, तर साधारणपणे सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, मग कार्ड नाही, मग इतिहास नाही. पॉलिसीवर तिचं नाव फक्त 'चालक' म्हणून. दहा वर्षं बिनअपघात गाडी चालवूनही, घटस्फोट झाला किंवा नवरा अचानक गेला, तर नवी पॉलिसी घ्यायला ती उभी राहते तेव्हा कागदावर ती काल अमेरिकेत उतरलेली असते. हे टाळता येतं. पॉलिसीवर दोघांचीही नावं विमाधारक म्हणून घाला. नवऱ्याच्या सर्वांत जुन्या कार्डावर तिला अधिकृत वापरकर्ती करा आणि ती माहिती ब्युरोकडे तिच्या नावाने जाते का, हे बँकेला विचारून घ्या. काही बँका आयटीआयएन या कर भरण्यासाठीच्या क्रमांकावरही कार्ड देतात, तसं एक लहान मर्यादेचं कार्ड तिच्या एकटीच्या नावाने काढा. कामाची परवानगी मिळाली की पहिल्याच आठवड्यात सोशल सिक्युरिटी नंबर घ्या. या शनिवारी तासभर काढून दोघांचेही अहवाल मागवा, आणि तिचा अहवाल कोरा निघाला तर तिच्या नावाच्या कार्डाचा अर्ज त्याच दिवशी भरा.